सिनेटरचं राहून गेलेलं उत्तर

चिलीचं पातेलं माझ्या हातून निसटलं ते गालिच्याच्या कडेमुळे, असं मी म्हणालो. त्या गालिच्यावर चाळीस वर्षांत कोणी अडखळलेलं नाही, असं कॉनी म्हणाली. काही का असेना, सहा माणसांना पुरेल एवढा खिमा, घेवडा आणि टोमॅटोचा रस्सा हवेत गेला आणि टीव्हीखालच्या आवाजाच्या मोठ्या खोक्यात, जाळीतून सावकाश आत उतरला. खोक्यानं एक उचकी दिली आणि ते कायमचं गप्प झालं.

चित्र मात्र चालू राहिलं. पडद्यावर राष्ट्राध्यक्षपदाचे आठ इच्छुक एका ओळीत उभे होते. त्यांतला एक बोट नाचवत देशाचं भवितव्य सांगत होता. काय सांगत होता ते त्याचं त्याला ठाऊक.

"पहिल्यांदाच पटतंय मला याचं," व्हर्लिन म्हणाला.

व्हर्लिन म्हणजे आमच्या शाळेची बस एकतीस वर्षं चालवून निवृत्त झालेला गृहस्थ. कॉनी केस कापते, साऱ्या गावाचे. मी ड्वेन, औषधाचं दुकान चालवतो. आणि ज्यांचा गालिचा, ज्यांची चिली आणि ज्यांचं आता मुकं झालेलं खोकं, त्या आर्डिथ होल्टकँप दारात फडकं घेऊन उभ्या होत्या. वय अठ्ठ्याहत्तर. त्या ओरडल्या नाहीत. "भाजलं का रे?" एवढंच विचारलं. मी नाही म्हणालो. "मग पूस," म्हणाल्या आणि फडकं माझ्याकडे फेकलं.

अमेरिकेतल्या आमच्या आयोवा राज्यात हिवाळ्यात शेतं रिकामी असतात, तेव्हा आमच्याकडे उमेदवार उगवतात. दर चार वर्षांनी. आमच्या बेनेट्स ग्रोव्हसारख्या अकराशे वस्तीच्या गावातही येतात, तळलेलं डुकराचं मांस खातात, कुत्र्यांना कुरवाळतात. एकानं माझ्या दुकानातून खोकल्याच्या गोळ्या घेतल्या होत्या आणि माझं नाव तीनदा चुकवलं होतं. हे सगळं कशाला, तर पक्षाचा उमेदवार ठरवायचा देशातला पहिला कौल आमचा. आणि तो आम्ही पेटीत टाकत नाही. जानेवारीतल्या एका सोमवारी संध्याकाळी शाळेच्या जिममध्ये, म्हणजे खेळाच्या हॉलात जमायचं, आणि ज्याला जो हवा त्याच्या कोपऱ्यात जाऊन उभं राहायचं. शेजाऱ्यादेखत, पाद्र्यादेखत, बायकोदेखत. मग डोकी मोजायची.

ही डोकी गेली बत्तीस वर्षं आर्डिथबाई मोजत आल्या. त्यांनी मोजलं की पुन्हा मोजा असं कोणी म्हणत नसे. याचं कारण राजकारणात नाही, शाळेच्या खानावळीत आहे. तिथं त्या वाढायला होत्या. मेयरचा मुलगा असो की नदीकाठच्या फिरत्या घरातली पोर असो, प्रत्येकाच्या ताटात बटाट्याचा एकच डाव, काठोकाठ, ना शीग ना खोट. मी स्वतः पाचवीत असताना "मिसेस होल्टकँप, तुमचा स्वेटर फार छान आहे" असं म्हणून पाहिलं होतं. "थँक यू, ड्वेन," म्हणाल्या, आणि डाव तेवढाच. आज माझी पन्नाशी उलटली, त्यांनी शंभरदा सांगितलं की आर्डिथ म्हण, पण अजून माझ्या तोंडून मिसेस होल्टकँपच येतं. हातात रिकामं ताट असल्यासारखं वाटतं.

तर या बाईंनी या वर्षी जाहीर केलं होतं की आपण सोमवारी जिममध्ये येणार नाही. मोजायला नाही आणि उभं राहायलाही नाही.

त्यांचे यजमान मर्ल ऑक्टोबरात गेले, मका काढून झाल्यावर दुसऱ्याच पहाटे, झोपेत. त्यामुळे आम्ही समजून होतो. पाद्री येऊन समजावून गेले. पक्षाच्या तालुकाप्रमुखाचा फोन आला. सगळ्यांना एकच उत्तर. "वादविवादाच्या दिवशी चिली करीन. या, खा, टीव्ही बघा. सोमवारी मला धरू नका."

मर्ल आणि आर्डिथबाई यांची त्या जिममधली गंमत गावाला पाठ होती. घरातून एकाच पिकअपमधून यायचे, एकच गोड रोल अर्धा अर्धा खायचे, आणि वेळ झाली की दोघं दोन दिशांना चालू लागायचे. आधी कोणी कोणाला सांगायचं नाही, हा घरचा नियम. कोणी विचारलं की दोघांचंही उत्तर ठरलेलं: "ते जिममध्ये दिसेल." आणि दिसायचं ते नेहमी समोरासमोरच्या कोपऱ्यांत. चाळीस वर्षं. फक्त मागच्या खेपेला मर्ल स्वतःच्या कोपऱ्याकडे निघाले, मध्ये थबकले, वळले आणि सगळं जिम ओलांडून बायकोच्या शेजारी येऊन उभे राहिले. लोकांनी टाळ्या वाजवल्या होत्या. आर्डिथबाईंचा चेहरा त्या दिवशी लाल झाला होता. आम्हाला वाटलं, आनंदानं.

शेवटची दहा वर्षं मर्लना ऐकू येत नव्हतं. सगळी हयात कापणीयंत्राच्या बाजूला गेली, दुसरं काय होणार. मग टीव्हीवर जे चालेल ते आर्डिथबाई त्यांच्या कानाशी तोंड नेऊन ओरडून सांगत. "म्हणतोय, मक्याच्या इंधनाला पाठिंबा." "म्हणतोय, कर कमी करीन." "म्हणतोय, आई शिक्षिका होती." आम्हा पाहुण्यांना वादविवाद दोनदा ऐकायला मिळे, आणि आर्डिथबाईंचा जास्त चांगला असे, कारण त्यात पाल्हाळ नसे. शिवाय नावडत्या उमेदवाराचं म्हणणंसुद्धा त्या आवडत्याइतक्याच जोरानं ओरडत. इथेही डाव सारखाच. मर्ल डोळे मिटून, टोपी कानापर्यंत ओढून ऐकत बसायचे. घरात टोपी घालतात आणि केस गवयांसारखे कानावर वाढवतात, याबद्दल बाई दर रविवारी त्यांना बोलत.

मी खोकं पुसत होतो. व्हर्लिननं रेडिओ लावून पाहिला, तर त्यावर शाळेची बास्केटबॉलची मॅच चालू होती. त्यानं ती थोडी ऐकली आणि बंद केला.

"त्या दुसऱ्यानं कलप घरी लावलाय," पडद्याकडे बघत कॉनी म्हणाली. "मानेमागं विसरलाय. ज्याला स्वतःची मान सांभाळता येत नाही तो सैन्य काय सांभाळणार?"

"डावीकडच्या दोघांची जुंपणार बघ," व्हर्लिन म्हणाला. "बसच्या आरशात मागच्या बाकावर अशीच दिसायची पोरं, जुंपायच्या आधी."

"आणि हा आपला दवाखानेवाला सिनेटर. मागच्या वेळी हरला तरी पुन्हा आला. केस पांढरे होऊ दिलेत. शहाणा आहे."

"काय म्हणतोय पण तो?"

"काय म्हणणार, दवाखाने." कॉनी दाराकडे वळली. "आर्डिथ, तूच सांग गं. मर्लला सांगायचीस तसं. हे सगळे गावात चार-चारदा येऊन गेलेत, तुला प्रत्येकाचं तोंडपाठ असेल."

"हो, सांग की," व्हर्लिन म्हणाला. "त्या निमित्तानं घसा तरी मोकळा होईल तुझा."

आर्डिथबाईंनी पडद्याकडे पाहिलं. सिनेटर दोन्ही हात पसरून काही सांगत होता.

"माझ्याच्यानं नाही व्हायचं," म्हणाल्या आणि आत निघून गेल्या.

कॉनीनं माझ्याकडे पाहिलं. चिली सांडल्यावरसुद्धा तिनं तसं पाहिलं नव्हतं. मी फडकं घेऊन स्वयंपाकघरात गेलो.

बाई दालचिनीचे रोल ताटलीत मांडत होत्या. चिलीबरोबर खायला केलेले. आता नुसतेच खायचे होते.

"खोकं मी नवं आणून देतो, मिसेस होल्टकँप."

"खोक्याचं काय घेऊन बसलास. तो म्हातारा नाही, तर हवंय कोणाला एवढं मोठं?" त्यांनी एक रोल उचलला आणि परत तिथंच ठेवला. "मी चोरी केली, ड्वेन."

खानावळीत जन्म काढलेल्या बाईनं काय चोरलं असेल, बटाटा? 

"मागच्या वेळचा वादविवाद. बर्फ इतकं पडलं की तुमच्यापैकी कोणी आलं नाही, आठवतं? आम्ही दोघंच. हाच सिनेटर छोट्या गावांच्या दवाखान्यांवर बोलला. फार सुंदर बोलला रे. मर्लचा कल त्याच्याकडेच होता, मला कळत होतं. हे ऐकलं असतं तर हलला नसता. त्यानं विचारलं, काय म्हणतोय? आणि मी ओरडले, 'म्हणतोय, विचार करून सांगतो.'"

"एवढंच?"

"एवढंच काय? एका बहिऱ्या माणसाला खोटं सांगितलं मी. आणि तो त्या कोपऱ्याकडे जाता जाता वळून माझ्याजवळ आला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्या अजून झोपू देत नाहीत. उद्या सांगू, उद्या सांगू म्हणत चार वर्षं गेली, आणि आता सांगू कोणाला? ज्या बाईनं नवऱ्याचं मत लांबवलं तिनं गावाची डोकी मोजायची?"

पलीकडच्या खोलीत व्हर्लिन मोठ्यानं हसला. दोघांची जुंपली असावी.

आता माझी पंचाईत अशी, की औषधवाल्यानं गिऱ्हाइकाचं गुपित फोडायचं नसतं. गावात कोणाला काय झालंय हे मला ठाऊक असतं आणि ते मी कोणाला, बायकोलाही, सांगत नाही. पण हे गिऱ्हाईक आता येणार नव्हतं, आणि समोर एक बाई गेले तीन महिने विनाकारण शिक्षा भोगत होती.

"मर्लना ऐकू येत होतं," मी म्हणालो.

"काय?"

"सहा वर्षं. शहरातून दोन्ही कानांची यंत्रं करून आणली होती त्यांनी. बारकी, कानामागं बसणारी. बॅटऱ्या माझ्याकडून न्यायचे, दर दुसऱ्या शनिवारी. टोपीखाली लपायची, केसांखाली लपायची. झोपायच्या आधी पिकअपमध्ये ठेवून यायचे."

बाई माझ्याकडे बघत राहिल्या. बटाटा जास्त मागणाऱ्या पोराकडे बघायच्या तशा.

"मी विचारलं होतं त्यांना, मिसेस होल्टकँपना का सांगत नाही? तर म्हणाले, 'सांगितलं तर ती तिच्या खुर्चीत जाऊन बसेल. आता निदान कानाशी तरी येते.'"

त्यांनी रोलची ताटली बाजूला सारली.

"आणि त्या बर्फाच्या वादविवादाच्या दुसऱ्या दिवशी रस्ता मोकळा झाल्या झाल्या दुकानात आले. हसत होते. म्हणाले, 'सिनेटर काल दवाखान्यांवर काय बोलला, वा. आमच्या घरी मात्र तो विचार करून सांगणार आहे.' मला तेव्हा अर्थ लागला नाही. वर म्हणाले, 'सगळ्यांना सारखा डाव वाढणारी बाई एकदा हात आखडते, म्हणजे तिला काहीतरी फार हवं असणार.'"

आर्डिथबाईंनी हात पुसले. कोट घेतला नाही, बूट घातले नाहीत. घरातल्या सपाताच घालून मागच्या दारानं गॅरेजमध्ये गेल्या. मर्ल गेल्यापासून ती पिकअप कोणी उघडली नव्हती. मला दार उघडल्याचा आवाज आला, मग पुढचा कप्पा उघडल्याचा, मग बराच वेळ काहीच नाही. गॅरेजमध्ये पाणी गोठेल अशी थंडी होती. मी दारापर्यंत गेलो आणि परत फिरलो. काही ठिकाणी माणसानं फडकं घेऊन जाऊ नये.

परत आल्या तेव्हा हातात खोकल्याच्या गोळ्यांचा पत्र्याचा डबा होता. टेबलावर उघडला. आत कापसावर दोन यंत्रं, शेजारी माझ्या दुकानातलं बॅटऱ्यांचं पाकीट, दोन वापरलेल्या, सहा शिल्लक. त्यांनी एक यंत्र उचलून स्वतःच्या कानाला लावून पाहिलं, जसं काही त्यात अजून काही ऐकू येणार होतं.

"म्हणजे मी सहा वर्षं उगाच घसा फोडला," त्या म्हणाल्या. मग डोळे पुसले. मग हसायला लागल्या, आणि ते दोन्ही बराच वेळ एकदमच चाललं होतं. "पाद्र्याचं प्रवचनसुद्धा ओरडून सांगितलं रे मी. इस्टरला. सगळ्या देवळादेखत."

"ते त्यांनी दोनदा ऐकलं असणार."

"बरं झालं. त्याला गरज होती."

डबा खिशात टाकून, रोलची ताटली घेऊन त्या बाहेरच्या खोलीत आल्या. पडद्यावर सिनेटरची पाळी पुन्हा आली होती. कॉनीनं दालचिनीच्या वासानं मान वळवली. बाई मर्लच्या रिकाम्या खुर्चीच्या हाताशी, नेहमीच्या जागी बसल्या आणि पडद्याकडे बघत एकदम खणखणीत आवाजात सुरू झाल्या.

"म्हणतोय, ज्या गावात मूल जन्माला घालायला साठ मैल जावं लागतं, त्या गावाला आपण काय सांगतोय? सांगतोय की तुमच्याकडे कोणी जन्मू नये. म्हणतोय, माझी आई अशाच एका गावात, दवाखाना बंद झाल्यावर, रुग्णवाहिकेत गेली. म्हणतोय, मी निवडून आलो नाही तरी चालेल, पण जो येईल त्याला हा रस्ता एकदा बर्फात चालवायला लावा."

व्हर्लिनच्या हातातला रोल तसाच राहिला. पडद्यावरचा माणूस कदाचित त्या वेळी इंधनावर बोलत असेल. कोणाला पर्वा नव्हती. ते मागच्या वेळचं उत्तर होतं, शब्दन् शब्द, चार वर्षं जपून ठेवलेलं, आणि बाईंनी ते त्या खुर्चीला काठोकाठ वाढलं. मग पुढच्या उमेदवाराकडे वळल्या, जो त्यांना मुळीच आवडत नाही, आणि त्याचंही तितक्याच जोरानं सांगितलं.

वादविवाद संपला. कॉनी आणि व्हर्लिन कोट शोधायला गेले. मला राहवेना. मी जवळ जाऊन हळूच विचारलं, "मग सोमवारी तुम्ही सिनेटरच्या कोपऱ्यात का, मिसेस होल्टकँप?"

"ते जिममध्ये दिसेल, तू गालिचा पूस."