लेकीच्या गाडीची चेन

मास्तरांच्या पोटात दुखायला लागलं ते एका चेनवरून. बरं, गाडी कुणा परक्याची असती तर गोष्ट वेगळी. ही पोटच्या लेकीची होती.

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत, मोटरसायकलवाले. बत्तीस वर्षं गाड्या दुरुस्त करण्यात गेलेली, आणि त्यातही चेन हा त्यांचा खास प्रांत. इंजिन कुणीही उघडावं, चेन मात्र मास्तरांनीच ताणावी, असं जुने गाडीवाले म्हणत. निदान मास्तर तरी तसं सांगत. त्यांचा नियम एकच होता. चेन वाजता कामा नये. गाडी मधल्या स्टँडवर चढवायची, मागच्या चाकाचा नट सैल करायचा, दोन्ही बाजूंचे बोल्ट सारखे फिरवत चाक मागे खेचायचं आणि चेन अशी बसवायची की बोटाने उचलली तरी जेमतेम हलावी. स्वतः मास्तरांच्या तोंडाचा पट्टा दिवसभर चालू असायचा, पण त्यांच्या हातच्या चेनने कधी हूं की चूं केलं नाही.

लेक नर्स होती. घरोघरी जाऊन म्हाताऱ्याकोताऱ्यांचं रक्त काढायचं, बाटल्या बर्फाच्या पेटीत ठेवायच्या आणि दुपारच्या आत तपासणीला पोचवायच्या, हे तिचं काम. गाडीला दोन्ही बाजूंना दोन पेट्या, वर ती स्वतः. तिच्या गाडीची चेन दर सात-आठ महिन्यांनी खलास व्हायची. मास्तर नवी घालायचे आणि चेन बनवणाऱ्यांच्या नावाने बोटं मोडायचे.

एका सकाळी ती अंगणातून गाडी काढत होती आणि मास्तरांच्या कानांवर आवाज आला. बारीकसा, सळ्ळ सळ्ळ. मास्तर हातातला चहा तसाच ठेवून उठले आणि चाकापाशी उकिडवे बसले. चेन नवी होती. प्रत्येक कडी पुसलेली, तेल बाहेर चोपडलेलं नव्हतं, आत मुरलेलं होतं. चेन फिरते ती पुढची-मागची दोन्ही चक्रं नवी, दाते धारदार. आणि चेन चांगली दोन बोटं ढिली.

"ही कुणी घातली?"

"मामाने," लेक हेल्मेट चढवत म्हणाली.

"कधी?"

"झाले की तीन महिने. तुम्ही कामात होता बाबा."

तीन महिने. मधल्या काळात मास्तरांनी दोनदा विचारलं होतं, चेन बरी आहे ना गं, आणि पोरीने दोन्ही वेळा मान डोलावली होती. मास्तरांच्या अंगाचा तिळपापड झाला.

मामा म्हणजे मास्तरांच्या बायकोचा धाकटा भाऊ. वीस वर्षांपूर्वी तो मास्तरांच्याच हाताखाली शिकला. तेव्हा त्याला पाना सरळ धरता येत नव्हता, हे मास्तर अजून गिऱ्हाइकांना सांगत. आता त्याचं दोन गल्ल्या पलीकडे स्वतःचं दुकान होतं. फरशी बसवलेली. गिऱ्हाइकाला बसायला खुर्ची. काम झालं की मेहुणा साबणाने हात धुवायचा आणि मगच गाडीच्या सीटला हात लावायचा. मेकॅनिकने कसले हात धुवायचे? आणि लेक त्याच्याशी बोलताना बघावं. बापाला 'तुम्ही', मामाला 'तू'. "मामा, तू ना वेडाच आहेस," असं ती म्हणायची तेव्हा मास्तरांच्या नाकाला मिरच्या झोंबायच्या. त्यांना कुणी प्रेमाने वेडा म्हटल्याला जमाना झाला होता.

"तुझ्या भावाला चेन ताणायची अक्कल नाही," ते जेवताना बायकोला म्हणाले. "लोंबतेय नुसती."

"माझ्या भावाने काय घोडं मारलंय तुमचं?" बायकोने विचारलं. "पोरीचं काम झाल्याशी मतलब. तुम्ही जेवा."

"माझी पोरगी माझ्या दुकानावरून पुढे जाते आणि त्याच्याकडे थांबते. चार लोक बघतात."

"चार लोकांना कामं असतात," बायको म्हणाली, आणि तिने विषय मिटवला.

विषय मिटला नाही. त्या आठवड्यात मास्तर तीनदा मेहुण्याच्या दुकानावरून गेले. बघायचं नाही असं ठरवून गेले आणि बघून आले. एकदा लेक तिथेच होती. मामा खाली बसून ब्रशने चेन घासत होता, ती वर उभी राहून काहीतरी सांगत होती आणि दोघंही हसत होते. घरी ती बापाशी काय बोलायची? जेवलात का, गोळी घेतलीत का. संपलं. मास्तरांना त्या क्षणी मेहुण्याचा इतका हेवा वाटला की त्यांचा पायच उचलेना. समोरच्या दुकानात त्यांनी उगाच एक साबण विकत घेतला.

मग रविवार आला. दुपारी लेक आत झोपली होती, बायको बहिणीकडे गेली होती आणि गाडी अंगणात उभी होती. मास्तरांनी पाना आणला. आपण काही वाईट करतोय असं त्यांना खरंच वाटत नव्हतं. चेन ढिली आहे, ती नीट करायची. बाप आहोत, मेकॅनिक आहोत, दोन्ही नात्यांनी हक्क आहे. तरी त्यांनी एकदा खिडकीकडे पाहून घेतलं. गाडी स्टँडवर घेतली, नट सोडला, दोन्ही बोल्ट फिरवले, अजून अर्धा आटा, अजून अर्धा. चाक हाताने गरगर फिरवून पाहिलं. आवाज नाही. मास्तरांना इतकं बरं वाटलं की ते मांडी घालून तिथेच थोडा वेळ बसले. शेवटी नटावरचे बोटांचे ठसे मात्र त्यांनी फडक्याने पुसले. हक्काचं काम करणारा माणूस ठसे कशाला पुसेल, हे त्यांनी स्वतःला विचारलं नाही.

सोमवारी अकराच्या सुमारास फोन आला. "बाबा, मामाच्या दुकानात या. चेन तुटली. मी पडले."

मास्तर दोन गल्ल्या पळतच गेले. लेक खुर्चीवर बसली होती. तळहाताला पट्टी, पँट गुडघ्यावर फाटलेली. पेट्या फरशीवर, एकीचं झाकण निखळलेलं. भरधाव नव्हती म्हणून वाचली. दोन्ही पेट्या भरलेल्या असताना गाडी खड्ड्यात आदळली, चेन तिची दोन टोकं जोडणाऱ्या लॉकपाशी तुटून मागच्या चाकात अडकली आणि चाक जागच्या जागी धरलं. नऊ जणांचं रक्त वाया गेलं. त्यातल्या एका आजीची शीर तीनदा टोचल्यावर सापडली होती.

"आता परत जाऊन कुठल्या तोंडाने टोचू तिला?" लेक मामाला म्हणत होती. "तुझ्या भरवशावर होते मी."

मेहुणा चाकापाशी वाकला होता. काम संपलं की नटावर आणि शेजारच्या पट्टीवर मिळून रंगाची एक बारीक रेघ ओढायची त्याची सवय होती, नट हलला तर कळावं म्हणून. रेघेचे दोन तुकडे झाले होते आणि ते एकमेकांपासून चांगलेच लांब गेले होते. मेहुण्याने त्यावरून अंगठा फिरवला. मग त्याने मान वर करून मास्तरांकडे पाहिलं.

"चूक माझी आहे," मेहुणा लेकीला म्हणाला. "स्टँडवर गाडीचं मागचं चाक लोंबतं, तेव्हा चेन बरोबर वाटते. पण तू बसलीस, पेट्या भरल्या की मागचा भाग खाली दबतो आणि चेन आपोआप ताणली जाते. म्हणून वजन ठेवून ढील बघावी लागते. या खेपेला मी जास्त ताणली."

मास्तर ऐकत होते. बत्तीस वर्षं त्यांनी स्टँडवरच चेन ताणली होती. पोरीच्या सात-आठ महिन्यांत संपणाऱ्या चेनी एकामागून एक त्यांच्या डोळ्यांपुढे आल्या. पोरीला ते कधीच कळलं होतं, आणि बापाला लागू नये म्हणून ती गप्प राहिली होती.

"बाबांची चेन निदान रस्त्यात तरी तुटली नाही कधी. आता यापुढे बाबाच करतील माझी गाडी," लेक म्हणाली आणि तिने किल्ली मास्तरांच्या हातात ठेवली.

हेच शब्द ऐकायला मास्तर आठवडाभर तडफडत होते. आता मिळाले होते. मूग गिळून बसलं की झालं.

तेवढ्यात बाकावर थांबलेलं एक गिऱ्हाईक शेजारच्याला म्हणालं, "माणूस बघा. चूक झाली तर सरळ कबूल केली. हल्ली कोण करतं?" शेजारच्याने मान हलवली, आणि लेकीचा चेहराही जरा निवळला. "जाऊ दे मामा," ती म्हणाली, "मुद्दाम थोडंच केलंस."

मास्तरांना ते सहन झालं नाही. दुकान त्याचं, गिऱ्हाइकं त्याची, लेकीचं हसणं त्याचं. आता आपण केलेल्या पापावरसुद्धा शाबासकी त्यालाच?

"ती चेन मी ताणली," मास्तर म्हणाले. आवाज त्यांना वाटला त्यापेक्षा मोठा निघाला. "काल दुपारी, तू झोपली होतीस तेव्हा. याने काही केलेलं नाही. एवढं तरी माझ्या नावावर राहू दे."

"भाऊजी, असू द्या," मेहुणा हळूच म्हणाला.

"तू मध्ये बोलू नकोस."

लेकीने बापाकडे पाहिलं. रागावली असती, रडली असती तर मास्तरांना सोपं गेलं असतं. तिने त्यांच्या तळहातावरची किल्ली उचलली आणि मामाच्या हातात दिली.

मेहुण्याने कपाटातून नवी चेन काढली. चेन चक्रांवर चढवली, लॉक बसवलं, पेट्या परत लावून त्यांत पाण्याच्या बाटल्या भरल्या. "आता कुणीतरी वर बसायला हवं," तो म्हणाला. लेकीने फाटलेल्या गुडघ्याकडे पाहिलं.

"बाबा, तुम्ही बसा," ती म्हणाली.

दुकानातल्या सगळ्यांदेखत मास्तर लेकीच्या गाडीवर चढून बसले, वजन म्हणून. गाडी त्यांच्याखाली दबली. मेहुण्याचं बोट चेन वर-खाली करत होतं, चाक जरासं ढकलून पुन्हा दुसऱ्या जागी, पुन्हा तिसऱ्या. मास्तर बाजूला वाकून बारीक नजरेने बघत होते. एखादा आटा कमीजास्त व्हावा, एखादी खोट दिसावी, म्हणून त्यांचा जीव टांगणीला लागला होता. मेहुण्याने नट आवळला आणि शेवटपर्यंत मास्तरांना खोट सापडली नाही.