तेल टाकलं!

भूत, नजर, चमत्कार... असलं मी काही मानत नाही. आजही नाही. सगळी नोकरी फॅक्टरीत मशीनवर गेली. बिघाडाला कारण असतंच, एवढंच मला ठाऊक. म्हणून ही गोष्ट इतकी वर्षं कुणाला सांगितली नाही. खरं तर कारण दुसरंच होतं — तेही आज सांगतो.

कारगिलचं युद्ध चालू होतं. जबलपूरला आमच्या फॅक्टरीत ओव्हरटाइम, सुट्ट्या बंद. बायको सुधा कुंडमच्या शाळेत शिक्षिका, तिथंच खोली घेऊन राहायची. सातवा महिना. भर दुपारी गेटवर फोन आला — रक्तस्राव होतोय, लगेच या.

माझी जुनी गाडी नेपियर टाउनला गजाननभाऊंच्या गॅरेजमध्ये सर्व्हिसिंगला होती. भाऊ मूळ नागपूरचे. त्यांची एक पद्धत — इंजिनात तेल नसेल तर स्टीअरिंगला लाल चिंधी बांधायची. मी ऑटोतून उतरून धावलो. भाऊ दुसऱ्या गाडीखाली.

"भाऊ, तेल?"

"टाकलं!"

पुढेही काही बोलले, पण तोवर मी गाडी सुरू केली होती. चिंधी होती. काढायची राहिली असेल म्हणून मी ती सोडली, खिशात कोंबली...

कुंडम पंचेचाळीसेक किलोमीटर. गेलो, सुधाला मागच्या सीटवर निजवलं, परत आलो. इंजिनाचा आवाज बदलला नाही, तेलाचा लाल दिवाही लागला नाही. हॉस्पिटलच्या फाटकात ब्रेक दाबला आणि इंजिन खाडकन जाम! मुलगी झाली. दोघी वाचल्या.

आणि आठवड्याने मी भरपाई मागायला गेलो. हो, मीच.

"जुनं टाकलं म्हणालो मी, साहेब! फेकलं! नवीन भरायचंच होतं. तेल काढायचा खालचा बोल्ट अजून माझ्या ताटलीत पडून आहे."

"टाकलं म्हणजे भरलं!"

"अच्छा? मग कचरा टाकता तेव्हा काय भरता जी?"

लोक हसले. मी आणखी पेटलो.

"अन् चिंधी बांधली होती ना!"

"नव्हती," मी म्हणालो. चारचौघांत. चिंधी अजून खिशातच होती.

दीड महिना चकरा मारल्या. दरवेळी भाऊंचं एकच — "ते सोडा. कोरडं इंजिन पाच किलोमीटर नाही चालत. तुम्ही कुंडमहून आले कसे?" डोकं फिरायचं माझं. मी भरपाई मागतोय आणि हा माणूस मला कोडी घालतोय! फॅक्टरीत सगळ्यांना सांगितलं. आमच्या लोकांच्या गाड्या त्यांच्याकडे जायच्या बंद झाल्या. शेवटी भाऊंनी पदरचं इंजिन बसवून दिलं.

गेल्या महिन्यात ती चिंधी घेऊन त्यांच्या घरी गेलो. भाऊ थकलेत आता. चिंधी टेबलावर ठेवली.

"माहीत होतं," ते म्हणाले. "पहिल्या दिवशी तुम्ही भांडून राहिले होते, तेव्हाच तुमच्या खिशातून कोपरा दिसला."

"मग बोलला का नाहीत, भाऊ?"

"बोललो असतो तर तुम्ही पुन्हा आले नसते. अन् मला तर विचारायचं होतं... गाडी आली कशी?"

त्यांनी ड्रॉवरमधून तो बोल्ट काढला, चिंधीवर ठेवला. माझ्याकडे बघत राहिले.

त्या दिवशी मी पहिल्यांदाच त्यांच्याशी खरं बोललो — "नाही माहीत, भाऊ."

आजही नाही.