भिंगरीचा नंबर

त्या बाजारात चष्मेवाल्याचं दुकान शोधायला पाटी वाचावी लागत नसे. हसण्याचा आवाज येईल तिकडे वळायचं. दोन माणसं उभी राहिली तर तिसऱ्याला आडवं होऊन शिरावं लागेल एवढीच जागा. भिंतीवर फ्रेमा, समोर अक्षरांचा तक्ता, मागे काच घासायचं यंत्र, आणि मधे तोंडाचा पट्टा अखंड चालू ठेवणारा हा माणूस. चाळिशी लागली म्हणून तोंड पाडून आलेल्या गिऱ्हाइकाला तो सांगायचा, तुमचे डोळे ठणठणीत आहेत हो, हातच आखूड पडायला लागलेत. गिऱ्हाईक हसत हसत चाळिशी लावून जायचं. हाच माणूस घरी जाऊन मूग गिळून गप्प बसतो असं कुणी सांगितलं असतं, तर बाजारानं त्यालाच वेड्यात काढलं असतं.

पण ते खरं होतं, आणि त्याला कारण त्याची एकुलती एक लेक होती.

लग्नाआधी चष्मेवाल्यानं तीन वर्षं संध्याकाळच्या वर्गाला जाऊन एक परकी भाषा घोटली होती. परदेशातल्या एका चष्म्याच्या कारखान्यात त्याला नोकरी मिळणार होती. मुलाखतीला बसला, व्याकरण सगळं तोंडपाठ, आणि समोरच्या बाईंनी साधंच काहीतरी विचारलं, प्रवास कसा झाला म्हणून, तर ह्याची जीभ टाळ्याला चिकटली. नोकरी हातची गेली. पुढे मुलगी झाली तेव्हा कुठल्याशा मासिकात त्यानं वाचलं की आईनं एक भाषा बोलावी, बापानं दुसरी, आणि कधीही अदलाबदल करू नये. म्हणजे मुलाला दोन्ही अंगी लागतात. बाळंतिणीच्या खाटेशी उभं राहून त्यानं ठरवून टाकलं. आपली जीभ जिथे अडली तिथे हिची अडायची नाही. मी हिच्याशी घरच्या भाषेत एक शब्द बोलणार नाही. बायको म्हणाली, बघू किती दिवस टिकतं. अठरा वर्षं टिकलं.

टिकवताना त्याच्या नाकी नऊ आले. वर्गात त्याला बँकेत खातं कसं उघडावं, स्टेशनवर चौकशी कशी करावी हे शिकवलं होतं. बाळाला उचकी लागली तर काय म्हणायचं, हे कुणी शिकवलं नव्हतं. दुकानाच्या ड्रॉवरमध्ये स्क्रूच्या डब्यांखाली शब्दकोश असायचा. दुपारी गिऱ्हाईक नसलं की चष्म्याच्या पाकिटांच्या पाठीवर तो शब्द उतरवून घ्यायचा: गुदगुल्या, रांगणं, दुधाचा दात. लेक दोन वर्षांची असताना जिन्यावरून घसरली. तो चार पायऱ्या वर होता, आणि धावायचं सोडून वाक्य जुळवत उभा राहिला. वाक्य जुळेपर्यंत आईनं तिला उचललंही होतं. त्या दिवशी बायको पहिल्यांदा चिडून म्हणाली, "तुम्ही पोरीशी बोलता की अर्ज लिहिता?"

आईशी लेक घरच्या भाषेत दिवसभर चिवचिवायची. बाप आला की पोरगी भाषा बदलायची, आणि मग बोलणंही जरा आखडतं घ्यायची. बायकोशी काही बोलायचं तर तो स्वयंपाकघरात जाऊन दबक्या आवाजात बोलायचा. शिवाय त्याचा एक नियम होता, लेकीनं दुकानात यायचं नाही. तिथली त्याची बडबड तिच्या कानावर पडली असती, तर सगळंच मुसळ केरात गेलं असतं. तिचा चष्मासुद्धा तो स्वतः घरी आणून द्यायचा. तरी दुकानात ती रोज असायची, त्याच्या गोष्टींमधून. तिथे तिचं नाव भिंगरी होतं. घरात हे नाव त्यानं कधी तोंडाबाहेर काढलं नाही, कारण ते घरच्या भाषेतलं होतं.

लेक हुशार निघाली. ती परकी भाषा ती आता बापापेक्षा सरस बोलायची, आणि त्याची चूक झाली तर ऐकून न ऐकल्यासारखं करायची. त्याच भाषेच्या देशात तिला शिकायला जागा मिळाली. परवा ती निघणार होती. सगळं बापाच्या मनासारखं झालं होतं आणि बापाच्या घशाखाली घास उतरत नव्हता. समोरच्या केळीवाल्याला तो माहीत होता, पोस्टमनला माहीत होता. जिच्यासाठी जीव टाकला तिलाच तो माहीत नव्हता. तिचा बाप म्हणजे सावकाश, शुद्ध आणि जपून बोलणारा एक गंभीर गृहस्थ. ती जायच्या आत एकदा तिच्याशी आपल्या भाषेत पोटभर बोलायचं, एवढीच त्याला आस लागली होती. आठ दिवस तो रोज ठरवून घरी जायचा. ती समोर आली, डोळ्याला डोळा भिडला, की तोंडातून ती परकी भाषाच बाहेर पडायची. सवय हाडीमाशी भिनली होती.

त्यात डॉक्टरांनी सांगितलं, लेकीचा नंबर वाढलाय. फ्रेम तीच ठेवून काचा बदलायच्या होत्या आणि वेळ नव्हता. आईनं नियमबियम गुंडाळून ठेवले आणि तिला सरळ दुकानात पाठवलं.

ती दारात आली तेव्हा तो पाठमोरा होता. बाकावर बसलेल्या दोन आजोबांना तो गोष्ट रंगवून सांगत होता. आमची भिंगरी चार वर्षांची होती. मी घरी आणलेल्या नमुन्याच्या फ्रेमा हिनं खाली मांडल्या. बाहुलीला चष्मा, फुलदाणीला चष्मा, इस्त्रीला चष्मा. आई विचारते, इस्त्रीला कशाला गं? तर म्हणते, तिला सुरकुत्या दिसत नाहीत. आजोबांची पोटं हलायला लागली. मी दारात उभा, तो म्हणाला, आणि मग मी काय केलं असेल? एवढ्यात भिंतीवरच्या आरशात त्याला ती दिसली.

त्याचं तोंड मिटलं. वळून त्यानं परक्या भाषेत तिला येण्याचं कारण विचारलं. आजोबा एकमेकांकडे बघायला लागले. उरलेली गोष्ट उद्या ऐकतो म्हणत ते काठ्या टेकत निघून गेले. लेकीनं डॉक्टरांची चिठ्ठी दिली, चष्मा काढून दिला आणि बाकावर बसली. त्यानं जुन्या काचा काढल्या, पाठ फिरवली आणि यंत्र सुरू केलं.

"बाबा, मग काय झालं?"

घरच्या भाषेत विचारलं होतं. त्यानं मागे वळून पाहिलं. ती त्याच्या दिशेनं बघत होती, पण त्याच्याकडे नाही. चष्म्याशिवाय तिला दोन हातांवरचं माणूस धड दिसत नसे. तो पुन्हा यंत्राकडे वळला.

"काय होणार," तो म्हणाला, आणि स्वतःचेच शब्द ऐकून दचकला. मान मात्र त्यानं वर केली नाही. "तुला आठवत असेल. मी म्हणालो, या खेळायच्या वस्तू नाहीत. तू एकेक चष्मा उचलून ठेवलास आणि आत गेलीस. भिंगरे, मला हसायचं होतं गं. तुझ्यापाशी बसायचं होतं. पण मला तेवढं एकच वाक्य येत होतं. मी मोरीत जाऊन नळ सोडून हसलो."

नंतर रडलो, हे त्यानं सांगितलं नाही. यंत्रात दुसरी काच घातली.

लेक बाकावर जरा पुढे सरकली. "आणि दुकानात काय सांगतोस?"

मग त्यानं तेही सांगितलं. दुकानातल्या गोष्टीत तो पिशवी टाकून फुलदाणीमागे रांगेत मांडी घालून बसतो आणि म्हणतो, डॉक्टरीणबाई, इस्त्रीच्या आधी मला घ्या, मला उपाशीपोटी काही दिसत नाही. भिंगरी त्याला फ्रेम लावते, बोटं नाचवून किती म्हणून विचारते. तो सांगतो, सतरा. ती मान हलवून म्हणते, अवघड केस आहे, रोज यावं लागेल. चौदा वर्षं सांगून सांगून गोष्टीला चांगलीच धार आली होती. लेक आधी नाकातून हसली, मग बाकाची फळी बडवत मोठ्यानं हसली. त्याच्या विनोदावर ती जन्मात पहिल्यांदा हसत होती. काच केव्हाच पुरेशी घासून झाली होती, तरी त्यानं यंत्र रिकामंच चालू ठेवलं.

शेवटी काचा बसवाव्याच लागल्या. त्यानं स्क्रू आवळले, फडक्यानं पुसून चष्मा तिच्या कानांमागे अडकवला आणि बोटानं नाकावर टेकवला. तिची नजर त्याच्यावर स्थिर झाली. त्यानं तोंड उघडलं आणि निघाली ती परकी भाषाच. स्पष्ट दिसतंय ना, अशी अदबीची, शुद्ध चौकशी. त्याला भडभडून आलं.

लेकीनं बापाकडे नीट पाहून घेतलं. मग तिनं चष्मा काढला, मिटला आणि त्याच्या तळहातावर ठेवला.

"सैल आहे," ती म्हणाली. "परत बघ ना, बाबा."

चष्मा कुठेच सैल नव्हता. चष्मेवाल्यानं शटर अर्धं ओढलं, तिच्याकडे पाठ केली आणि आवळलेला स्क्रू पुन्हा खोलायला घेतला.