मोहाच्या झाडाचा फोटो

ब्लॉगवर मी ना नाव दिलं, ना गाव, ना तोंडाचा फोटो. लेक सासर सोडून घरी आली होती, आणि ते कुठेतरी सांगितल्याशिवाय मला चैन पडत नव्हतं. तिला न विचारताच लिहायची. अनोळखी बाया धीर द्यायच्या, बरं वाटायचं. मग एक दिवस फुलं वेचताना आमच्या मोहाचा फोटो टाकला. झाडावरून कोण ओळखणार, म्हटलं!

संध्याकाळी कोरपन्याहून एकीनं लिहिलं, "बाई, हे वाकडं झाड तं माह्या माहेरच्या गावचं. तुमच्या लेकीसंगं मी शाळेत होती. कशी आहे ते?"

कोणता मोह कोणाच्या घरचा, हे आमच्याकडे लहान पोरालाही ठाऊक असतं. फोटो लगेच ब्लॉगवरून काढून टाकला. पण हिनं माहेरी फोन करून लेक सासर सोडून आल्याचं सांगितलं तर?

शेवटी लेकीला सांगितलं. ती भडकलीच. "आई, सारं गावच बोलाव ना अंगणात!" मग माझ्या हातातून मोबाईल घेऊन तिनं तो निरोप वाचला. म्हणाली, "तिले लिही, कोणाले सांगू नको म्हण. अन् तिचा नंबर माग, मीच बोलीन तिच्यासंगं."

लिहिलंय. अजून उत्तर नाही, दोघी आळीपाळीनं मोबाईल बघतोय.