डब्यातला काळा प्लग

मिस्त्रींबद्दल लिहायचं मी आठ वर्षं टाळलं. दोनदा कागद पुढे घेतला आणि दोन्ही वेळा त्यांच्या हातांच्या वर्णनापाशी थांबलो, कारण त्यापुढे जायचं तर स्वतःकडे यावं लागलं असतं. आता मी सदुसष्टाचा आहे. मोटरसायकल विकली आहे. आमच्या दुचाकी कृती समितीचं इतिवृत्ताचं पुस्तक मात्र अजून माझ्याच कपाटात आहे आणि त्यात माझ्या अक्षरातलं एक खोटं वाक्य आहे. ते माझ्यामागे तसंच राहू नये म्हणून हे लिहितो.

मिस्त्री प्लग वाचायचे. गाडी दुकानाच्या दारात आली की काय होतंय म्हणून विचारायचे नाहीत. पाना घालून आधी स्पार्क प्लग काढायचे, हातभर लांब उजेडात धरायचे आणि मग बोलायचे. काजळी धरली असेल तर पेट्रोल जास्त जातंय, पांढरा पडला असेल तर इंजिन तापतंय, तेलकट असेल तर आतलं काम निघालंय. भाजलेल्या बिस्किटाचा रंग दिसला की खूश व्हायचे. एवढं कुठलाही मेकॅनिक सांगेल. मिस्त्री गाडी चालवणाऱ्याबद्दल सांगायचे. गावातल्या एका मास्तरांना त्यांनी भर दुकानात विचारलं होतं, "मास्तर, गाडी कोन चालवतंय?"

"मीच. दुसरं कोण?"

"तुमी तर डोक्यावर घागर घेतल्यागत चालवता. हिला कुनीतरी घाटात लय ताणलंय. पोराला इचारा. आन मागं कोन बसतंय त्ये बी इचारा, मागचा शॉक दबलाय."

दुकान हसलं. मास्तरांचं पोरगं पुढे महिनाभर सायकलवर दिसलं. "मानूस खोटं बोलंल, प्लग न्हाई बोलत," असं मिस्त्री म्हणायचे आणि फुंकर मारून प्लग जागेवर बसवायचे. कुणाचा प्लग कुठला, हे त्यांना नुसतं बघून कळायचं. आपण ज्याला शिकवलं त्याचं अक्षर ओळखावं, तसं.

ते मूळचे उंब्रजचे. महामार्ग रुंद झाला त्यात त्यांचं दुकान गेलं, तेव्हा ते घाटाच्या पायथ्याशी आमच्या गावात आले. बायको आधीच वारली होती, मुलगी विट्याला दिलेली. शुक्रवारी दुपारी शटर अर्धं ओढून ते नमाजाला जायचे. लोक वाकून आत शिरायचे, पंप घ्यायचे, हवा भरायचे आणि पंप जागेवर ठेवून जायचे. वीस वर्षांत त्या दुकानातून एक पाना हरवला नाही. हे मी मुद्दाम सांगतो, कारण पुढे त्याच दुकानात काय झालं ते सांगायचं आहे.

आमच्या गावाचं पोट घाटावरच्या गावात होतं. वर बंगले, हॉटेलं, निवासी शाळा. खालून दूध, पाव, भाजी आणि माणसं रोज मोटरसायकलवरून वर जायची. मीही जायचो, तिथल्या एका शाळेच्या ऑफिसात क्लार्क होतो, म्हणून गावात सगळे मला भाऊसाहेब म्हणत. घाट संपतो तिथे कराचा नाका बसला. आधी तो फिरायला येणाऱ्या मोटारींपुरता होता. मग दुचाकीलाही पाच रुपये झाले, मग दहा, मग वीस. दर फेरीला. दूधवाला संपत दिवसातून दोनदा वर जायचा. आता तीस होणार, अशी बातमी आली.

मिस्त्री वर्षातून एकदाही वर जात नसत. तरी पहिली बैठक त्यांच्याच दुकानापुढे, जुन्या टायरांवर बसून झाली. कुणीतरी चेष्टेनं म्हणालं, "मिस्त्री, तुमचं काय जातंय वो ह्यात?"

"माझं काय जायाचंय? पर तुमी पैसं वाचवाय म्हनून ऑइल बदलायचं सोडलंय. मला गाड्या बघवंनात."

मी सचिव झालो. निवेदनं लिहिली, ती वर नेऊन दिली, पोच घेतली. दोन निवेदनांना उत्तर आलं नाही, तिसऱ्याला आलं ते छापील. मग बंद ठरला आणि पहिल्याच दिवशी दुपारपर्यंत फुटला. एकेकजण आडवाटेनं वर गेला आणि संध्याकाळी सगळे एकमेकांना शिव्या देत बसले.

तेव्हा प्लगची कल्पना मिस्त्रींनी काढली. "चाव्या गोळा करून उपेग न्हाई, घरात दुसरी असती," ते म्हणाले. "परत्येकानं आपला प्लग काढून द्यायचा. डबा माझ्याकडं. सोक्षमोक्ष लागंस्तवर कुनाची गाडी पेटायची न्हाई आन कुनी कुनावर डोळा ठेवाय नगो." गावात नवे प्लग फक्त त्यांच्याकडे मिळत. ते त्यांनी सगळ्यांदेखत कपाटात टाकून कुलूप लावलं. ते मोजून घ्यावेत असं कुणाच्या मनातही आलं नाही.

शाळेत साहेबांनी मला आदल्या आठवड्यात बोलावून घेतलं होतं. माझ्या निवृत्तीला तीन वर्षं राहिली होती. ते शांतपणे म्हणाले, "भाऊसाहेब, तुमच्या आंदोलनाशी आमचं काही वाकडं नाही. पण ऑफिस बंद राहिलं तर मला दुसरा माणूस बघावा लागेल." घरी येऊन मी हे बायकोलाही सांगितलं नाही. मागच्या दिवाळीत मिस्त्रींनी माझ्या गाडीचा खराब झालेला प्लग बदलला होता. जुना मी टूलकिटमध्ये तसाच ठेवला होता. काळाकुट्ट, मेलेला प्लग. तो मी रुमालात गुंडाळला.

दुकानापुढे सत्तर-ऐंशी गाड्या उभ्या होत्या. सगळे वाकून प्लग काढत होते. मी चालत गेलो आणि म्हणालो, "गाडी घरी आहे, प्लग काढून आणलाय." सचिव म्हणून पहिला मान मला दिला. बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात तो टाकला तेव्हा टाळ्या पडल्या. मिस्त्रींनी डब्यात हात घालून तो उचलला, सवयीनं उजेडात धरला.

"भाऊसाहेब, ह्यो तुमचाच का?"

"माझाच."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. प्लगकडे पाहायचे तसं, जरा लांबून. मग "बरं" म्हणाले आणि तो परत डब्यात ठेवला. त्या वेळी मी मनाशी म्हणत होतो की गाडीतला चालू प्लग वापरायचा नाहीच आहे, नुसता आधार असावा. त्यांनाही तसंच वाटलं असेल. किंवा सचिवाचंच नाव निघालं तर माणसं तिथल्या तिथे पांगतील, असा विचार त्यांनी केला असेल. मी त्यांना कधी विचारलं नाही.

बंद धरला. पहिल्या दिवशी वर दूध गेलं नाही, दुसऱ्या दिवशी हॉटेलांचे आचारी गेले नाहीत. घाटाच्या तोंडाशी आमची माणसं सतरंजी टाकून पत्ते खेळत बसली. तिसऱ्या दिवशी सकाळी वरून निरोप आला, उद्या चर्चेला या. संपतनं मला मिठीच मारली. "भाऊसाहेब, जिकलो गड्या! एक दीस. एकच दीस दम काढायचा."

आणि अकरा वाजता साहेबांचा फोन आला. दुपारी दोनपर्यंत येऊन हजेरीची सही करा, नाहीतर उद्यापासून येऊ नका.

मी रेनकोट घातला, हेल्मेटची काच खाली ओढली आणि मागच्या दारानं गाडी काढली. ओढ्याकडून जुनी गाडीवाट नाक्याच्या वर निघते. सही केली. साहेबांनी चहा दिला, तो मी प्यायलो. उतरताना वाटेच्या तोंडाशी आमचीच तिघं लाकडं गोळा करत होती. ओरडली. मी थांबलो नाही. माझी गाडी काळी, शंभर सीसीची, गावातल्या निम्म्या गाड्यांसारखी. नंबरपाटीला ओढ्याचा चिखल लागला होता. तो मी लावला नव्हता, एवढंच माझ्या बाजूनं सांगता येईल.

संध्याकाळी दुकानापुढे सगळे जमले. डबा सतरंजीवर उपडा केला. प्लग मोजले; एकही कमी नव्हता. मग गाडी पेटली कशी?

"नवा प्लग कुनाकडं असतोय?" गर्दीतून कुणीतरी म्हणालं.

सगळ्यांची नजर कपाटाकडे गेली. संपत पुढे झाला. "मिस्त्री, बोला की. कुनाला दिला? किती घेतलं?"

"म्या कुनाला दिला न्हाई."

"मग काय भुतानं गाडी नेली व्हय?"

"कोन गेलं त्ये ज्याचं त्याला म्हाईत," मिस्त्री म्हणाले. "त्यानं सांगावं. म्या न्हाई सांगनार."

"म्हंजी म्हाईत हाय की! आवं, मग नाव घ्या!"

मागून आवाज आला, "शेवटी ह्यांचं आसंच." 'ह्यांचं' म्हणजे कुणाचं, हे तिथे प्रत्येकाला कळलं. वीस वर्षं अर्ध्या शटरखालून आत जाणारी माणसं होती ती. एकानंही त्याला गप्प बस म्हटलं नाही. मीही नाही. मिस्त्रींनी त्या आवाजाकडे पाहिलं, हातातल्या फडक्याला बोटं पुसली. माझ्याकडे त्यांनी एकदाही पाहिलं नाही. तेव्हा मला त्याचं बरं वाटलं होतं. आता तेच सोसत नाही.

"ठराव लिहा, भाऊसाहेब," संपत म्हणाला.

मी इतिवृत्ताचं पुस्तक मांडीवर घेतलं आणि लिहिलं: 'प्लग सांभाळण्याची जबाबदारी असलेल्या मिस्त्री यांच्याकडून विश्वासघात झाल्याने बंद मोडला, असे सभेचे मत झाले.' खाली सही केली. अक्षर चांगलं आलं आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी माणसं प्लग मागायला आली. आता थांबायला कुणीच तयार नव्हतं; बंद फुटल्याचं वर कळलं होतं आणि चर्चा रद्द झाली होती. डब्यात कुठल्याच प्लगवर नाव नव्हतं. मिस्त्री एकेकाकडे बघत होते आणि त्याचा प्लग त्याच्या हातात देत होते. एकही चुकला नाही. माणसं प्लग खिशात टाकून निघून जात होती. माझा नंबर आला तेव्हा त्यांनी तो काळा प्लग कागदात गुंडाळला, हळूच दिला आणि खालच्या आवाजात म्हणाले, "ह्यो ठेवा. गाडीत घालू नगा, पेटायचा न्हाई."

आजूबाजूच्या कुणाला त्यात काही वावगं वाटलं नाही.

महिनाभरात तीस रुपये लागू झाले. आता तर नाक्यावर पावतीही नाही. फोननं पैसे भरायचे, आणि वर गाडी लावायचे वेगळे. पुन्हा बंद करू म्हणून कुणी म्हणालं की दुसरा म्हणतो, "मागच्या टायमाला मिस्त्रीनं केलं तसंच व्हायचं." गावात दुसरं गॅरेज निघालं. मिस्त्रींच्या दुकानापुढे गाड्या दिसेनाशा झाल्या. काही दिवस ते रोज शटर उघडून नुसते बसायचे. मी ऑफिसला जाताना मान दुसरीकडे करायचो. रमजानच्या आधी एका टेम्पोत पाने, पंप आणि दोन टायर भरून ते मुलीकडे विट्याला गेले. निरोप द्यायला कुणी नव्हतं. मी घरातच होतो, टेम्पोचा आवाज ऐकला.

निवृत्त झाल्यावर एकदा मी विट्याला गेलो. गाडीचा आवाज येतोय असं निमित्त ठरवून ठेवलं होतं. मिस्त्री एका परक्या अंगणात सापडले. विट्याच्या कितीतरी घरांतली माणसं सोनं गाळायच्या धंद्यात परमुलखात असतात, त्यांच्या मोटरसायकली अंगणात झाकून ठेवलेल्या असतात. मिस्त्री आठवड्याला घरोघर जाऊन त्या चालू करत आणि दहा मिनिटं चालू ठेवून बंद करत. "गाडी बंद ऱ्हायली की मरती," ते म्हणाले, जणू आम्ही कालच भेटलो होतो. केस पूर्ण पांढरे झाले होते. पाना आता दोन्ही हातांनी धरून फिरवत होते.

आवाज कसला येतो ते त्यांनी विचारलं नाही. माझा प्लग काढला, उजेडात धरला. "ब्येस हाय. बिस्किटी." मग तो परत बसवता बसवता, खाली मान घालूनच विचारलं, "नोकरी टिकली न्हवं?"

"टिकली."

"मग झालं."

आतून त्या घरातल्या बाईंनी चहा आणला. मी कप हातात धरून बसलो. सगळी वाक्यं तयार होती. घाटापासून विट्यापर्यंत ती मी म्हणत आलो होतो. "मिस्त्री, त्या दिवशी—" एवढं म्हणालो. त्यांनी समोरच्या गाडीला किक मारली. दोनदा लागली नाही, तिसऱ्यांदा लागली, आणि ते कान लावून इंजिन ऐकत उभे राहिले. त्यांनी मुद्दाम मारली की काम होतं म्हणून मारली, मला माहीत नाही. दहा मिनिटांनी ते गाडी बंद करणार होते. मी दहा मिनिटं थांबलो नाही. हातानंच येतो म्हणून खूण केली आणि निघालो.

मागच्या वर्षी ते गेले. मला दोन महिन्यांनी, एसटी स्टँडवर, संपतकडून कळलं. "आपला मिस्त्री गेला वो," तो म्हणाला. 'आपला' म्हणाला. मग म्हणाला, "मानूस वाईट न्हवता. का केलं आसंल त्यानं तसं?" तेव्हाही मी फलकावर एसटीची वेळ बघितली.

काल इतिवृत्ताचं पुस्तक काढलं. ते वाक्य खोडलं नाही. खोडलं तर ते होतं हेच राहणार नाही. खाली आजची तारीख घातली, लिहिलं की बंद सचिवानं मोडला, मिस्त्रींनी नाही, आणि सही केली. हे पुस्तक उद्या संपतच्या हातात देणार आहे. पण ते संपतसाठी झालं. तुमच्यासाठी, मिस्त्री, त्या अंगणात इंजिन बंद होईपर्यंत थांबलो असतो तर एवढंच म्हणालो असतो: गाडी माझी होती. तुम्हाला ते पहिल्यापासून माहीत होतं आणि तुम्ही माझं नाव घेतलं नाही. मी मात्र तुमचं नाव लिहिलं. मला माफ करा.