दोरीचं घर

मला कुणाचं पटकन कौतुक वाटत नाही. स्वभावच तसा आहे, त्याला मी तरी काय करणार! अंधेरी पूर्वेला एका जुन्या सोसायटीच्या तळमजल्यावर आर्किटेक्टचं दोन खोल्यांचं ऑफिस आहे. तिथे मी फोन घ्यायला, बँकेची कामं करायला आणि लोकांना 'सर साइटवर गेलेत' असं सांगायला लागले, तेव्हाही आपण कुठल्या थोर जागी आलोय असं मला मुळीच वाटलं नव्हतं. दहिसरच्या चाळीत एका खोलीत वाढलेली मी. आणि ही माणसं बाथरूमचं दार आत उघडावं की बाहेर, यावर अख्खी दुपार भांडायची. मी मनात म्हणायचे, देवाने यांना वेळ तरी किती दिलाय!

माणसं मोजकीच. सर आणि मॅडम, नवराबायको. दोघांनी मिळून हे ऑफिस काढलेलं. टॉवरची कामं नाहीत, लोकांची राहती घरंच करायची. एक ड्राफ्ट्समन काका, मालवणकडचे. पूर्वी हाताने नकाशे काढायचे, आता कॉम्प्युटरवर काढतात आणि माऊसला शिव्या घालतात. नुकतीच कॉलेजातून आलेली एक ज्युनिअर मुलगी, दर वाक्याला 'यार'. आणि मी.

ऑफिसची एक पद्धत होती. नकाशा पक्का होण्याआधी घर जसंच्या तसं, खऱ्या मापात, जमिनीवर चुन्याने आखायचं आणि घरवाल्यांना त्यातून फिरवायचं. कधी गच्चीवर, कधी मोकळ्या प्लॉटवर. "कागदावर सगळ्यांनाच आपलं घर मोठं वाटतं," मॅडम म्हणायच्या. चांगली कमावती, मानाची माणसं त्या रेघांमधून चालताना नसलेल्या भिंतीला कोपर लागेल म्हणून अंग चोरायची. मला हसू आवरायचं नाही.

मग त्या आंटीचं काम आलं. आधी आला तिचा मुलगा. अंधेरीतल्याच एका गावठाणात त्यांचं कौलारू घर होतं. ख्रिस्ती कुटुंब, पिढ्यान्‌पिढ्या तिथलंच, घरात मराठी बोलणारं. वासे वाळवीने खाल्लेले, मागच्या भिंतीला हात जाईल एवढी भेग. पुढच्या पावसाळ्यात ती भिंत उभी राहील याची खात्री नव्हती. घर पाडून नवं बांधायचं ठरलं होतं, पैशांची जुळवाजुळवही झाली होती. अडलं होतं आईपाशी. साखरेच्या आजाराने तिची दृष्टी पार गेली होती. तरी त्या घरात ती कुणाचा हात न धरता फिरायची, मासे साफ करायची, आल्यागेल्याला बसवून सरबत द्यायची. घर तिच्या नावावर होतं आणि ती सही करायला तयार नव्हती.

"मम्मा म्हणते, नवीन घरात मी पाहुणी होणार," मुलगा म्हणाला. "कुणीतरी हात धरून बाथरूमला नेणार, कुणीतरी ताट हातात देणार. म्हणते, त्यापेक्षा ही भिंत अंगावर पडली तरी चालेल."

सर एरवी कुणालाही 'बघू, करू' म्हणून वाटेला लावतात. त्या दिवशी त्यांनी फोन बंद करून खुर्ची पुढे ओढली. मॅडम म्हणाल्या, "तिला घरातून चालवून दाखवायला हवं."

"चुनो काय कामाचो तिका?" काका कॉम्प्युटरमागून म्हणाले. "पायाक लागणारा काय तरी व्हया."

म्हणून काथ्याची जाड दोरी आणली. गावठाणात जुन्या क्रुसासमोर थोडी मोकळी जागा आहे, तिथे रविवारी दुपारी आम्ही दोरीने घर आखलं. आजूबाजूचे लोक खुर्च्या घेऊनच आले. आंटी आली, बुटकी, ताठ, अनवाणी. दोरीवर पाय ठेवून चालू लागली. पहिली खोली ठीक गेली. पुढे वळताना तिने सवयीने दोन्ही हात बाजूला पसरले आणि हातांना काहीच लागेना. ती थांबली, फिरली, पुन्हा फिरली. मग म्हणाली, "कुठे आहे मी?"

ज्या क्रुसासमोर ती लहानाची मोठी झाली, तिथेच उभी राहून ती हे विचारत होती.

"मी पायाने नाय चालत, पोरांनो. हाताने चालते," ती खाली बसत म्हणाली. "मला घरी न्या." मुलाने हात दिला तेव्हा तिने तो मुकाट्याने धरला. ते बघवत नव्हतं.

आम्ही रिक्षाने परत निघालो. मला वाटलं, संपलं. आता मुलालाच सांगतील की बाबा, तूच समजाव तिला. कुठल्याही ऑफिसात तेच झालं असतं.

दुसऱ्या दिवशी मी पोचले तर टेबलं भिंतीला लावलेली, आणि मॅडम डोळ्यांवर ओढणी बांधून चहा करत होत्या. सर शेजारी उभे राहून त्यांचे हात कुठे कुठे जातात ते टिपत होते. पुढे कितीतरी दिवस हेच. सगळे पाळीपाळीने डोळे बांधून ऑफिसात वावरायचे. ज्युनिअर पाण्याच्या फिल्टरवर आदळली आणि ओरडली, "वाट लागली यार गुडघ्याची!" एक गृहस्थ मार्बलचं विचारायला आले, सरांना डोळे बांधून कोपरा चाचपताना पाहिलं आणि नंतर येतो म्हणून निघून गेले. दुपारी मॅडम आंटीच्या घरी जाऊन बसायच्या. गप्पा मारता मारता ती कशाला धरून उठते, कुठे टेकते, ते बघायच्या.

आधी मला वाटलं, ही माणसं कामातून गेली. मग माझ्याही नकळत मी घरी भिंतीला हात लावून चालायला लागले. नवरा म्हणाला, तुला चक्कर येते का?

एका संध्याकाळी मॅडमनी जुना नकाशा फाडून टाकला. "आपण खोल्या काढत होतो," त्या म्हणाल्या. "आंटीला खोल्या नकोत. तिला एक भिंत हवी." नव्या नकाशात पुढच्या दारापासून थेट स्वयंपाकघराच्या आत ओट्यापर्यंत एकच सलग भिंत होती, आणि तिला लागणारं सगळं त्या एका भिंतीवर: बसायची खोली, तिचा पलंग, बाथरूमचं दार, फ्रिज, ओटा. इंजिनिअरने त्या भिंतीतून एक खांब पुढे काढला. सर, जे आजवर कुणावर आवाज चढवताना मला दिसले नव्हते, ते फोनवर म्हणाले, "मग सगळी गणितं पुन्हा कर. तिचा हात तिथे अडता कामा नये." इंजिनिअर कुरकुरला, पण खांब मागे गेला.

पुन्हा क्रुसासमोर दोरी पडली. या वेळी घराला अंगही होतं. सर बाथरूमचं दार झाले. ज्युनिअर पलंग झाली, म्हणजे गुडघ्यांवर बसली. मला फ्रिज केलं, बहुधा आकारावरून. काका इकडून तिकडे धावत होते. राहिली ती लांब भिंत. ती कशाची करायची? मॅडम इकडेतिकडे बघत होत्या तेवढ्यात खुर्चीवरचा एक म्हातारा उठला आणि दोरीवर जाऊन उभा राहिला. त्याच्या शेजारी त्याची सून. मग एकामागून एक सगळे शेजारी उठले, दोरीवर खांद्याला खांदा लावून उभे राहिले आणि भिंत पुरी झाली. कुणी कुणाला बोलावलं नव्हतं.

आंटीने पहिल्या खांद्यावर हात ठेवला आणि चालू लागली. हात एका खांद्यावरून दुसऱ्यावर सरकत होता. मध्येच थांबून म्हणाली, "दीर वाटतं माझा. ढेरी आत घे रे, भिंत बाहेर आलीय." सगळी भिंत हसली. ती पलंगाशी थबकली, ज्युनिअरच्या डोक्यावरून हात फिरवून पुढे गेली. सर दार होऊन उघडले. मग तिचा हात माझ्या दंडावर आला, गार आणि खरखरीत.

"हा कोण?"

"फ्रिज आहे, आंटी," मी म्हटलं.

"बराच मोठा घेतलाय," ती म्हणाली.

ती तशीच मागे फिरली आणि न चुकता पुढच्या दाराशी आली. तिथे तिचा हात हवेत काहीतरी शोधू लागला. "बटन कुठे? दिव्याचं?"

"तुम्हाला लाइट कशाला?" ज्युनिअर बोलून गेली आणि तिने जीभ चावली.

"मला नाय गो. येणाऱ्याला. पाहुण्याला काय अंधारात बसवू?"

बटनाचा विचार आमच्यापैकी कुणीच केला नव्हता. काका पुढे झाले, दाराच्या आतल्या बाजूला उभे राहिले आणि तळवा उघडून हात पुढे धरला. आंटीचा हात त्याच्या बराच खाली गेला. काकांनी तळवा खाली आणला. पुन्हा. मग तिची बोटं बरोबर तळव्यावर टेकली. ज्युनिअरने टेप लावून माप घेतलं. "हलू नका काका."

"माका हलूक सांगू नको. मी आता भिंत आसंय."

मी फ्रिजच्या जागेवर उभी होते आणि डोळे गळत होते. फ्रिजने डोळे पुसलेले चालतात का, एवढाच विचार डोक्यात होता. आयुष्यात माणसं बघून मी अशी थक्क झाले नव्हते. आंटीने तिथेच, काकांची पाठ टेबलासारखी वापरून, कागदावर सही केली.

घर बांधून होईपर्यंत ती भाड्याच्या खोलीत राहिली, भिंतीला टेकून, कमी बोलत. मुलगा फोन करायचा की मम्मा जेवत नाही नीट. साइटवर इलेक्ट्रिशियन त्या एका बटनाच्या उंचीवरून हुज्जत घालत होता, सगळीकडे एका लेव्हलला असतात म्हणे. काका रोज संध्याकाळी जाऊन ते जागेवर आहे ना, बघून यायचे.

घराच्या आशीर्वादाला आम्हाला बोलावलं होतं. फादर प्रार्थना करून गेले तोवर दिवस कलला होता. प्रार्थनेला आंटी बाहेर दारापुढेच बसली होती, चर्चमधल्या बायकांना निरोप देऊन ती मागून आत येणार होती. आम्ही आतच दाटीवाटीने उभे होतो. तिचा हात त्या भिंतीवर कसा पडतो याची सगळ्यांना इतकी धास्ती, की दिवा लावायचं कुणाला सुचलंच नाही. ती दाराशी आली. मुलाने हात पुढे केला, तिने तो बाजूला सारला. चपला काढल्या. आत आली, हात भिंतीकडे गेला, आणि उजेड झाला.

"अंधारात काय उभे राहिलात रे सगळे?" ती म्हणाली. "बसा की."

माझ्या शेजारी काका उभे होते. त्यांचा हात छातीपेक्षा खाली, पुढे आलेला होता, तळवा उघडा. त्यांना ते ठाऊकही नसावं.

ती भिंतीला बोटं लावून पुढे निघाली. पलंगापाशी थबकली, बाथरूमच्या दारावरून गेली, आणि स्वयंपाकघरात आली. मी नेमकी फ्रिजसमोर उभी होते, वाटेतून बाजूला व्हायला विसरले होते. तिचा हात माझ्या दंडावर पडला, क्षणभर थांबला, आणि तिने तो ओळखला.

"तू सरक गं आता," ती हसून म्हणाली. "खरा फ्रिज उघडायचाय."

मी सरकले. तिने सरबताची बाटली बाहेर काढली, आणि आम्ही सगळे पाहुणे खाली बसलो.