अर्धा आटा

सोपान मरगळे गेल्याचं मला दुधावरून कळलं. नसरापुरात माझं सायकलचं दुकान आहे आणि समोरच दूध संकलन केंद्र. रोज सकाळी साडेसातला वेल्ह्याच्या रस्त्याने दोन कॅन लावलेली त्याची सायकल यायची, ती त्या दिवशी आली नाही. आठच्या सुमाराला केंद्रावरचा बबन रस्ता ओलांडून आला आणि म्हणाला, "ब्रेकमामा, सोपान गेला. काल दुपारी. कावीळ अंगावर काढली त्यानं." मी पंक्चर काढत होतो. हात थांबला नाही. आणि... लिहायलाच बसलोय तर खरं लिहितो, मला आधी सुटल्यासारखं वाटलं. तेहेतीस वर्षांचा माणूस गेला आणि मला सुटल्यासारखं वाटलं. या गोष्टीला आता दीड महिना झाला. सुटलो नाही, हे मधल्या दिवसांत कळलं.

मला सगळे ब्रेकमामा म्हणतात. ब्रेक चांगले बसवतो म्हणून, असं नव्या गिऱ्हाइकांना वाटतं. ते नाव सोपानने दिलं. दहा-अकरा वर्षं झाली असतील. तेव्हा मी चाळिशी ओलांडलेला, पण पाय चांगले होते. भोर, कामथडी, वरव्याची आठ-दहा पोरं रविवारी माझ्या मागे सायकली घेऊन निघायची, मी म्हणेन ती वाट, मी म्हणेन तो वेग. पाबे घाटात एका रविवारी मी सगळ्यांत पुढे होतो, नवी कोरी हलकी सायकल, अंगात घट्ट जर्सी. मागून कुरकुर आवाज आला. बघतो तर पायजमा खोचलेला, पायात टायरची चप्पल, काळी जुनी दूधवाल्याची सायकल आणि हँडलला चिकाची किटली अडकवलेला एक पोरगा. बहिणीकडे चीक घेऊन निघाला होता. शेजारी आला, माझ्या चाकाकडे वाकून बघितलं आणि अगदी काळजीने म्हणाला, "मामा, ब्रेक लागलाय जनू. सोडा की." आणि पुढे गेला. किटलीतला चीकसुद्धा हिंदकळला नाही. मागची पोरं हसून हसून सायकलीवरून उतरली. पोरं पडली असं वाटून तो वळणावर थांबला आणि "लागलं का न्हाई कुठं?" म्हणून विचारलं, तेव्हा तर जास्तच हसली. संध्याकाळपर्यंत ते नाव नसरापूरभर झालं. माझी बायकोसुद्धा एकदा चुकून म्हणाली.

मी त्याच्यावर डूख धरला. तो दुकानात यायचा, मी त्याची चेन साफ करून द्यायचो, चहा पाजायचो, आणि मनात म्हणायचो, येशील कधीतरी माझ्या हाताखाली.

आला. पुण्यात शर्यतीची टीम चालवणारे एक प्रशिक्षक होते, त्यांच्या नजरेत तो घाटातच भरला. त्यांनी त्याला एक जुनी चांगली सायकल दिली आणि तिच्या पायंडलाच्या दांडीत बसवलेला पॉवर मीटर. पाय किती जोराने ढकलतोय ते हे यंत्र वॅटमध्ये दाखवतं. सोपानला ते समजावून सांगायला मला दोन मिनिटंही लागली नाहीत. समोरच्या केंद्राकडे बोट करून तोच म्हणाला, "म्हंजी दुधाला फॅट, तसं आमाला वॅट." वीस मिनिटं जीव तोडून चालवायचं आणि सरासरी आकडा पुण्याला पाठवायचा. त्याचे आकडे बघून प्रशिक्षकांना संशय आला. डोंगरावरच्या धनगरवाड्यात राहणारा, दूध घालणारा पोरगा, पहिल्याच महिन्यात असे आकडे... मीटर खोटा असणार. त्यांनी सांगितलं, कुठल्यातरी ट्रेनरवर ताडून बघ, पटलं तर टीममध्ये जागा. ट्रेनर म्हणजे सायकल एका जागी उभी करून चालवायचं यंत्र. मागचं चाक एका रोलरवर टेकतं आणि ते यंत्रही आपला वॅटचा आकडा दाखवतं. आमच्या भागात असा ट्रेनर एकच होता. माझा.

ताडून बघायची रीत साधी आहे. टायरमध्ये नेमकी हवा भरायची. मागचा नॉब फिरवून रोलर टायरला टेकवायचा. दहा मिनिटं चालवून सगळं गरम होऊ द्यायचं. मीटर शून्यावर आणायचा. मग चाक जोरात फिरवून पाय सोडून द्यायचे. चाक किती वेळात थांबतं, त्यावरून रोलर किती आवळलाय हे ट्रेनरला समजतं. त्यानंतर नॉबला हात लावायचा नाही. एवढंच. हात लावलात तर रोलर टायर जास्त धरतो, ती ओढ ट्रेनरला माहीत नसते, आणि चालवणाऱ्याची मेहनत हिशेबातून गळते.

मी सगळं रीतीने केलं. सोपानने पाय सोडले, चाक थांबलं, ट्रेनरने खूण दिली. तो पाणी प्यायला वळला. मी टायर बघायच्या निमित्ताने वाकलो आणि नॉब अर्धा आटा, म्हणजे अर्धा फेरा, आवळला. नुसता अर्धा.

वीस मिनिटं तो चालवत होता. घाम फरशीवर टपकत होता. मीटर तीनशे दोन म्हणाला. ट्रेनर दोनशे एकसष्ट. सोपान दोन्ही आकड्यांकडे बघत राहिला. "मामा, परत एकदा बगू का?" म्हणाला. मी म्हणालो, यंत्र खोटं बोलत नाही रे. दोन्ही आकड्यांचा फोटो काढून मीच पुण्याला पाठवला. तासाभरात उत्तर आलं. सायकल परत पाठवा, मीटर बाद आहे तो ठेवला तरी चालेल.

त्या दिवशी मला जेवण गोड लागलं. एवढ्यावर थांबलो असतो तरी... पण मी चहाच्या टपरीवर बसून सांगितलं, सोपानने मीटरमध्ये काहीतरी केलं असणार. टपरीवरून ते बोलणं केंद्रावर गेलं. वॅट वाढवून दाखवणारा दुधात काय काय करत असेल, असं कुणीतरी म्हणालं. त्याच्या कॅनमधलं दूध दोनदा तपासायला लागले. सगळ्यांच्या देखत, रोज. त्याचं फॅट कधीच कमी भरलं नाही, पण तपासणं काही थांबलं नाही.

सोपान भांडला नाही. तेच मला खाऊन गेलं. तो दर शनिवारी दूध घालून झालं की दुकानात यायचा. पंप मागायचा. हवा भरलेली असली तरी भरायचा. मग ट्रेनरशेजारच्या स्टुलावर बसून चहा प्यायचा, त्या नॉबकडे बघत. नऊ वर्षं. एकही शनिवार चुकला नाही. मी ट्रेनर आतल्या खोलीत हलवला, तर म्हणाला, "आत बसतो की मग." आत जाऊन बसला. मला त्याचा इतका राग यायचा की त्याच्या कपात साखर घालायची मी मुद्दाम विसरायचो. याला काय पाहिजे? कळलंय तर बोलत का नाही?

शेवटचा शनिवार आला तेव्हा त्याचे डोळे हळदीसारखे झाले होते. मी म्हणालो, दवाखान्यात जा. तो स्टुलावर बसला. दुकानात विकायला सायकलचे आरसे टांगलेले असतात, पाच-सहा ओळीने. त्यांच्याकडे बोट केलं.

"त्या दिशी पानी पिताना म्या त्यात बगितलं व्हतं, मामा. तुमचा हात."

मी विचारलं, मग बोलला का नाहीस? माझं शटर बंद केलं असतंस, तोंडाला काळं फासलं असतंस.

"बोललो असतो तर तुमी माफी मागितली असती," तो म्हणाला. "लोकं चार दिस बोलली असती. तुमी सुटला असता." कप खाली ठेवला. "मला तुमाला सोडायचं नव्हतं."

एवढं बोलून तो उठला, पंप जागेवर ठेवला आणि गेला. परत आला नाही.

तेराव्यानंतर त्याची बायको सखूबाई दुकानात आली. पदर डोक्यावर, हातात त्याच्या सायकलची किल्ली. म्हणाली, "दादा, हे शेवटी तापात येकच म्हनायचे. तीनशे दोन, तीनशे दोन. त्ये काय हाय?" मी सांगितलं, त्याचा आकडा आहे. ती म्हणाली, "खरा व्हता का?" बाहेर केंद्रावर कॅनची रांग होती, बबन आमच्याकडेच बघत होता. मी मान खाली घातली आणि म्हणालो, बघून सांगतो. नऊ वर्षांनी, तो मेल्यावर, त्याच्या बायकोला मी म्हणालो, बघून सांगतो.

ती गेल्यावर शटर अर्धं ओढलं. सायकल परत पाठवताना काढून ठेवलेला तो बाद मीटर माझ्याच खणात होता. माझ्या सायकलला बसवला. हवा भरली, दहा मिनिटं चालवलं, मीटर शून्यावर आणला, चाक फिरवून सोडलं. नॉबला हात लावला नाही. लावावासा वाटला, तेही लिहितो. हात आपोआप तिकडे गेला होता. मग वीस मिनिटं चालवलं. मी आता पन्नाशी ओलांडलेला. मीटर म्हणाला एकशे अठ्ठेचाळीस, ट्रेनर एकशे चव्वेचाळीस. चारचा फरक चेनमध्ये जातोच. तेवढा असायलाच हवा. मीटर खरा होता. पहिल्या दिवसापासून खरा होता.

सखूबाईला सांगून आलो. ती किल्ली मुठीत फिरवत राहिली. पण तिला एकटीला सांगून भागत नाही, कारण खोटं मी गावभर पोचवलं होतं. म्हणून इथे लिहितोय. दूध केंद्रावरचे, टपरीवरचे, पुण्यातले ते प्रशिक्षक, ज्यांच्या हातात पेपरची ही पुरवणी पडेल त्यांनी वाचावं. सोपान मरगळेचा आकडा तीनशे दोन होता. दुधातही कधी काही नव्हतं. ही श्रद्धांजली वगैरे नाही. त्याला मला सोडायचं नव्हतं, आणि मीही आता मला सोडणार नाही. माफी मागितलेली नाही, हे नीट बघा.

शनिवारी दुकान उघडलं की मी ट्रेनर बाहेर काढतो, शेजारी स्टूल ठेवतो. नॉबच्या कडेला पांढऱ्या रंगाची एक रेघ मारली आहे, जिथे तो असायला हवा तिथे. नव्या गिऱ्हाइकाने विचारलं, ब्रेकमामा हे नाव कसं पडलं, तर आता खरं सांगतो. एका माणसाच्या चाकाला मी ब्रेक लावला होता, म्हणून.